डांबरी रस्त्यावरचा ज्युदो



तोक्योतली एक गल्ली, रात्रीची वेळ, आणि मारामारी जुंपलेली. वाचक पान उलटायच्या घाईत आहे, आणि नेमका त्याच वेळी लेखक गोष्ट थांबवतो. आख्यान रंगात आलेलं असताना बुवांनी एकदम निरूपणाकडे वळावं, तसा तो चौकटीच्या कडेने बोलू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्युदो हा तातामीवरचा, म्हणजे जाड चटईवरचा खेळ. तातामी दबते, आणि पडणाऱ्याला पडायचं कसं हे पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. रस्त्यावर खाली डांबर असतं आणि फेकल्या गेलेल्या पोराला पडायची विद्या ठाऊक नसते. आखाड्यात ज्या डावाला एक गुण मिळतो, तोच डाव इथे कवटी फोडू शकतो. एवढं सांगून लेखक बाजूला होतो आणि मारामारी पुढे सुरू होते. पण आता वाचकाची नजर ठोशांवर राहत नाही. ती जमिनीवर जाते.

हा लेखक म्हणजे कोजी मोरी आणि ही मालिका ‘होलीलँड’. २००० ते २००८ या काळात ती ‘यंग ॲनिमल’ या प्रौढ वाचकांच्या मंगा (जपानी चित्रकथा) नियतकालिकात आली आणि पुढे तिचे १८ खंड झाले. नायक यू कामिशिरो हा शाळेत छळ सोसून सोसून घरात कोंडून घेतलेला मुलगा. जीव द्यायच्या काठावर असताना त्याच्या हाती मुष्टियुद्धाचं एक पुस्तक लागतं. त्यातला अगदी पहिला धडा, डावा ठोसा आणि पाठोपाठ उजवा, तो आपल्या खोलीत एकट्याने हजारो वेळा गिरवतो. बाकी त्याला काहीच येत नाही. मग तो रात्रीचा रस्त्यावर उतरतो, कारण घरात जागा नाही आणि शाळेत तर नाहीच. मालिकेच्या नावातली ‘पवित्र भूमी’ म्हणजे हाच रस्ता. तिथे टोळकी अंगावर येतात, यू तेवढेच दोन ठोसे मारतो, आणि गुंड पोरांची शिकार करणारा म्हणून त्याच्या नावाचा बोलबाला होतो.

प्रौढांसाठीची वास्तववादी युद्धकला-मंगा म्हणजे काय, हा आजचा विषय. ‘वास्तववादी’ या शब्दाचे समीक्षेत बरेच हाल झाले आहेत. या एका चित्रप्रकारापुरती त्याची कसोटी मात्र साधी ठेवता येते : लढणाऱ्याच्या पायाखाली काय आहे, हे चित्रकाराने पाहिलं आहे का?

‘प्रौढांसाठी’ या शब्दाचाही आधी खुलासा हवा, नाहीतर भलताच समज व्हायचा. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की इंद्रजालचा वेताळ आठवतो आणि वय बारा-चौदाच्या पुढे सरकत नाही. जपानमध्ये मंगा नियतकालिकं वाचकाच्या वयानुसार निघतात. मुलग्यांची ती शोनेन, तरुण आणि प्रौढ पुरुषांची ती सेइनेन. वरवर ओळखायची एक खूण आहे : मुलांच्या अंकात कठीण चित्रलिपीशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, मोठ्यांच्या अंकात तो साधारणपणे नसतो. खरा फरक मात्र विषयांच्या पोटात आहे. मोठ्यांच्या मंगात माणसाला नोकरी असते, भाडं थकतं, गुडघा दुखतो. दुखरा गुडघा हा वास्तववादाचा फार भरवशाचा साक्षीदार आहे.

या प्रकाराची मुळं पाहायची तर १९४५च्या पराभवापाशी जावं लागतं. अमेरिकी ताब्याच्या काळात जपानच्या शाळांमधून ज्युदो, केंदो या विद्या हद्दपार झाल्या. लष्करशाहीची शिकवण म्हणून त्यांच्यावर बंदी आली. ज्युदो शाळेत परतला तो १९५०मध्ये. मधल्या पोकळीत लढणाऱ्या माणसांची एक पिढी पोटासाठी इकडेतिकडे पांगली. कुणी कुस्तीत गेलं, कुणी व्यावसायिक कुस्तीच्या तमाशात. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी रिकिदोझान आणि ज्युदोचा अजिंक्य मल्ल मासाहिको किमुरा ही जोडी शार्प बंधू या परदेशी मल्लांशी लढली, तेव्हा रस्त्यात उभारलेल्या दूरचित्रवाणी संचांपुढे लोकांचे लोंढे जमले. गोऱ्या पहिलवानाला आपला माणूस हाणतो आहे हे पाहून हरलेल्या देशाने टाळ्या पिटल्या. तो ‘आपला माणूस’, म्हणजे रिकिदोझान, जन्माने कोरियन होता, ही गोष्ट मात्र जपून झाकलेली होती.

झाकलेल्या गोष्टींच्या या काळातून इक्की काजिवारा हा लेखक वर आला. जन्म १९३६. चित्रं तो काढत नसे, कथा लिहून चित्रकारांना देत असे. ‘टायगर मास्क’, ‘आशिता नो जो’, ‘कराटे बाका इचिदाइ’ या तिन्ही त्याच्याच. त्याला वगळून या प्रकाराचा इतिहास सांगता येत नाही, आणि त्याच्यावर विश्वास ठेवूनही सांगता येत नाही.

‘कराटे बाका इचिदाइ’ १९७१ ते १९७७ या काळात साप्ताहिक ‘शोनेन मॅगझिन’मध्ये आली. क्योकुशिन कराटेचा संस्थापक मासुतात्सु ओयामा याचं हे चरित्र. ही गोष्ट खरी आहे अशी ग्वाही सुरुवातीलाच दिलेली. वाचकांनी ती मानली. ओयामाच्या डोजोत मुलांची रीघ लागली. डोजो म्हणजे त्यांची तालीम. बैलाशी झुंज, डोंगरातला एकांतवास, परदेशी मल्लांची दाणादाण, यातलं घडलेलं किती आणि काजिवाराच्या टाकातून उतरलेलं किती, याचा वाद जाणकारांत पुढे कित्येक वर्षं चालला. एका बाबतीत मात्र वादाला जागा नाही. ओयामाचा जन्म कोरियात झाला होता, आडनाव चोइ. खरेपणाची ग्वाही देणाऱ्या चरित्रातून त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी खरी गोष्ट गाळलेली होती. ती गोष्ट कोरियाने सांगितली. तिथे बांग हाक-गी या चित्रकाराने ओयामावर स्वतःची मालिका काढली आणि २००४मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला.

म्हणजे सत्यकथा असल्याची पाटी आणि वास्तववाद यांचं नातं फार दूरचं आहे.

गंमत अशी की याच काजिवाराच्या हातून, आणि तेही अपघाताने, या प्रकारातला पहिला अस्सल वास्तववादी प्रसंग घडला. ‘आशिता नो जो’ म्हणजे ‘उद्याचा जो’. ही मुष्टियुद्धाची मंगा १९६८ ते १९७३ चालली. काजिवाराने ती आसाओ ताकामोरी या नावाने लिहिली आणि चित्रं काढली तेत्सुया चिबाने. अनाथ, भांडखोर जो याबुकी सुधारगृहात जातो आणि तिथे त्याची रिकिइशी नावाच्या मुष्टियोद्ध्याशी गाठ पडते. हा रिकिइशी पुढे जोचा मुख्य प्रतिस्पर्धी होणार आहे याची चिबाला तेव्हा कल्पना नव्हती. त्याने तो चांगला उंचापुरा, जोपेक्षा डोईभर मोठा काढला. अंक छापून गेले. मग कथेत दोघांची व्यावसायिक लढत ठरली आणि पंचाईत उभी राहिली, कारण मुष्टियुद्धात वजनगट असतात आणि जो बँटमवेटमध्ये, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंच्या आत. एवढा आडवातिडवा रिकिइशी त्या गटात बसणार कसा?

दुसऱ्या एखाद्या मालिकेत चित्रकाराने त्याला गुपचूप दोन बोटं बुटका केला असता. इथे लेखक-चित्रकारांनी चुकीची पूर्ण किंमत मोजायचं ठरवलं. रिकिइशी वजन उतरवू लागतो. अन्न तोडतो, मग पाणी तोडतो. तहानेने वेडापिसा होऊन एका रात्री तो नळांकडे धावतो, तर नळ तारेने आवळून बंद केलेले. गाल बसतात, डोळे खोल जातात, बरगड्या मोजता येतात. लढत तो जिंकतो. जोशी हात मिळवायला पुढे येतो आणि कोसळून मरतो.

२४ मार्च १९७० रोजी कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात या कल्पित माणसाचा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शूजी तेरायामा याचा त्यात पुढाकार. सभागृहात रिंगण उभारलं होतं, दहा अंक मोजून निरोप दिला गेला, आणि सुमारे ७०० माणसं आली होती. आठवडाभराने, ३१ मार्चला, जपानमधल्या ‘लाल सेना गट’ (सेकिगुन-हा) या संघटनेच्या नऊ तरुणांनी विमान पळवलं. आपण ‘उद्याचे जो’ आहोत असं त्यांच्या म्होरक्याने निवेदनात लिहून ठेवलं. मुलांच्या साप्ताहिकातली ही कथा वाचत मोठे झालेले विद्यार्थी आता मुलं राहिले नव्हते. त्यांच्यासाठी वेगळ्या नियतकालिकांची बाजारपेठ याच काळात रुजत होती : ‘मंगा ॲक्शन’ १९६७, ‘बिग कॉमिक’ १९६८.

रिकिइशीचा मृत्यू लोकांना इतका का लागला? मंगात माणसं मरतातच. पण त्याच्या मरणामागे हिशेब होता, तोही किलोंचा. वाचक तो हिशेब आठवड्यामागून आठवडे डोळ्यांनी पाहत आले होते. तोवरच्या नायकांच्या अंगाला वजनच नव्हतं. ते हवेत लढत आणि हवेतच जिंकत. रिकिइशीला काट्यावर उभं राहावं लागलं.

‘टायगर मास्क’ची कथा याहून चमत्कारिक. अनाथाश्रमात वाढलेला नाओतो दाते वाघाचा मुखवटा घालून कुस्ती खेळतो आणि मिळकत अनाथाश्रमाला देतो. मालिका १९६८ ते १९७१ची, मुलांचीच. २३ एप्रिल १९८१ रोजी तोक्योच्या कुरामाए सभागृहात सातोरु सायामा हा खराखुरा मल्ल तोच मुखवटा चढवून आखाड्यात उतरला आणि डायनामाइट किड या ब्रिटिश मल्लाशी लढला. कागदावरच्या उड्या त्याने हाडामांसाच्या देहाने मारून दाखवल्या. लोक वेडे झाले. (या मुखवट्याने पुढे आणखीही एक काम केलं. २०१०च्या नाताळात माएबाशी शहरातल्या बालकल्याण केंद्रापुढे कुणीतरी शाळेची दहा नवी दप्तरं ठेवून गेलं. देणाऱ्याचं नाव लिहिलं होतं नाओतो दाते. मग देशभर अशा भेटवस्तू येऊ लागल्या.)

सायामाला मात्र ठरवून केलेल्या कुस्तीचा कंटाळा आला. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९८३मध्ये, त्याने आपली कुस्ती कंपनी सोडली आणि एक खेळ रचायला घेतला : ठोसा, लाथ, फेक, जमिनीवरची पकड, सगळं एकत्र, आणि निकाल आधी न ठरवलेला. या खेळाचं नाव शूतो. व्यावसायिक लढती १९८९मध्ये सुरू झाल्या. आज जगभर मिश्र युद्धकला म्हणून जे ओळखलं जातं, त्यातली प्रसिद्ध अमेरिकी स्पर्धा डेन्व्हरला १९९३च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा झाली. शूतो तिच्या आधीचा.

या खेळातला एक दिवस सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २० एप्रिल १९९५, तोक्योचं बुदोकान सभागृह. शूतोचा मल्ल युकी नाकाइ, वजन सुमारे ७० किलो. त्या स्पर्धेत वजनगट नव्हते. पहिल्याच फेरीत समोर हॉलंडचा जेरार्ड गोर्दो, नाकाइपेक्षा डोकंभर उंच आणि कितीतरी जड. गोर्दोने नियम मोडून नाकाइच्या उजव्या डोळ्यात बोट घातलं. नाकाइ लढत राहिला आणि शेवटी गोर्दोची टाच पिरगळून जिंकला. मग एका अवजड अमेरिकी कुस्तीगीराला त्याने हाताच्या सांध्यावरचा पेच टाकून शरण आणलं. अंतिम लढतीत तो ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीकडून हरला. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती कायमची. हे त्याने कित्येक वर्षं बाहेर कळू दिलं नाही. कळलं तर खेळावरच बंदी येईल, ही त्याची भीती. पुढे त्याने स्वतःची व्यायामशाळा काढली आणि शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. काजिवाराने हे लिहिलं असतं तर अति झालं म्हणून आपण पुस्तक मिटलं असतं.

असं सगळं प्रत्यक्ष घडून गेल्यावर मंगा-लेखकाने करावं काय? वास्तवच इतकं भडक, तर त्याच्याशी चढाओढ लावण्यात अर्थ नाही. केइसुके इतागाकीसारख्याने ती लावली आणि ‘बाकी’ मालिकेत स्नायूंचे डोंगर उभे करून अतिशयोक्तीचाच सोहळा केला. इतागाकी स्वतः जपानी स्वसंरक्षण दलाच्या हवाई छत्री तुकडीत होता, मुष्टियुद्धही खेळलेला. म्हणजे त्याने अतिशयोक्ती केली ती अज्ञानातून नव्हे. ती त्याने निवडली. मोठ्यांच्या काही नियतकालिकांनी उलटी वाट धरली. आवाज खाली आणला.

त्या वाटेवरची सगळ्यात नेटकी मालिका म्हणजे हिरोकी एन्दोची ‘ऑल-राउंडर मेगुरु’. कोदान्शाच्या ‘इव्हनिंग’ या प्रौढांच्या मंगा-नियतकालिकात ती २००८ ते २०१६ चालली आणि तिचे १९ खंड झाले. एन्दो त्याआधी ‘एदेन’ या विज्ञानकथेसाठी ओळखला जाई : साथीने उद्ध्वस्त झालेलं जग, तस्करी, हिंसा. तिथून तो उतरला तो थेट एका शहरी व्यायामशाळेत. मेगुरु हा शाळकरी मुलगा लहानपणी कराटे शिकलेला, आता हौशी शूतो खेळतो. बालमित्र ताकाशी मध्येच आयुष्यातून नाहीसा झालेला. तो अचानक भेटतो तो एका हौशी लढतीत, समोरच्या कोपऱ्यात.

इतर कुठल्याही मालिकेने एवढ्या योगायोगावर सूडाचा महाल बांधला असता. एन्दो त्या दोघांना नियमांत बांधतो. हौशी शूतोत डोक्याला टोप असतो, नडगीला गादी असते आणि जमिनीवर पडलेल्याला ठोसा मारता येत नाही. हे नियम कथेच्या आड येतील असं वाटतं. प्रत्यक्षात कथा त्यांतूनच निघते. पडलेल्याला मारता येत नसेल, तर खाली गेल्यावर खेळ बदलतो : कोण कुणाच्या पाठीवर जातो, कुणाचा हात कोपरापासून सुटा राहिला, वरचा माणूस आपला भार कुठे टाकतो. आपल्याकडचा कुस्तीशौकीन ही भाषा लगेच ओळखेल. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन मल्ल पाच-पाच मिनिटं खाली अडकून पडतात आणि नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. शेजारचा म्हातारा मात्र मांडीवर थाप मारून उठतो, कारण त्याला बोटभर सरकलेला पाय दिसलेला असतो. एन्दोची मंगा वाचकाला त्या म्हाताऱ्याची नजर देते. तिच्यात हरणं हे संकट नसतं. सोमवारी पुन्हा सरावाला जायचं असतं.

नजर देण्याचं हे काम स्थिर चित्रं करतात, याचं नवल वाटायला हवं. चित्रपटात अर्ध्या सेकंदात संपणारा डाव मंगात चार चौकटींत उलगडतो, आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक हालचाल स्वतः भरतो. जपानी युद्धकलेत ‘मा-आइ’ नावाची एक संकल्पना आहे : दोन लढणाऱ्यांमधलं अंतर, ज्याच्या आत गेलं की तुमचाही हात पोचतो आणि त्याचाही. ही सगळी विद्या त्या मोकळ्या जागेची आहे, आणि मंगाही मोकळ्या जागेवरच चालते. म्हणून अनाडी चित्रकार चौकटी ठोशांनी भरतो आणि जाणता चित्रकार ठोशाच्या आधीचं एक पाऊल काढतो.

आवाजाचंही तेच. जपानी मंगात ध्वनिवाचक शब्द चित्राचा भाग होऊन येतात, आणि शांततेसाठीही ‘शीन’ हा एक शब्द आहे. धपकन, फाडकन, कचकन असे शब्द पिढीजात बाळगणाऱ्या मराठीला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. अनुवादात मात्र एक मोठा घोटाळा होत असे. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत वाचकाच्या सोयीसाठी पानं आरशासारखी उलटी छापली जात. परिणाम असा की उजव्या हाताने तलवार धरणारे सगळे सामुराई डावखुरे झाले. मुष्टियुद्धात तर डावखुरा लढवय्या ही वेगळीच डोकेदुखी असते. पायाची ठेवण, ठोशाचा कोन, सगळा हिशेब फिरतो. तपशिलात खरी असलेली मंगा अशी आरशात धरली की पहिल्या पानापासून खोटी होते. आता बहुतेक प्रकाशक मूळ दिशाच ठेवतात.

‘होलीलँड’कडे परत येताना तिचं एक वैगुण्यही सांगायला हवं. मोरीचं निरूपण चोख, डांबराचं भान चोख, पण त्याचा यू फार जिंकतो. पुस्तकातून शिकलेल्या दोन ठोशांवर सुरुवात केलेलं पोर वर्षानुवर्षं घाम गाळलेल्यांना एकामागून एक लोळवतं, हे कुठल्याही वस्तादाला पटणार नाही. मोरीची खरी ताकद दुसरीकडे आहे. मार खायची भीती तर कुणीही रंगवतो. मारण्याची चटक लागल्यावर माणूस स्वतःलाच भ्यायला लागतो, ते मोरीने रंगवलं. इझो हाशिमोतो आणि आकिओ तानाका यांची ‘शामो’ ही मालिका त्याच भीतीच्या तळाशी जाते. आईवडिलांचा खून केलेला सोळा वर्षांचा मुलगा सुधारगृहात कराटे शिकतो, आणि विद्या त्याला मुळीच सुधारत नाही. शामो म्हणजे झुंजीचा कोंबडा. युद्धकला चारित्र्य घडवते, ही प्रत्येक डोजोच्या भिंतीवरची पाटी या मालिकेने उतरवून ठेवली. मोआरे ओतानेही ‘तेप्पू’मध्ये वेगळी नायिका काढली : उपजत ताकदीची, उंच, आणि आनंदाने कष्ट करणाऱ्यांचा मनापासून द्वेष करणारी मुलगी.

या वाटेवर सर्वांत दूर गेला तो ताकेहिको इनोउए. बास्केटबॉलवरच्या ‘स्लॅम डंक’ने घराघरांत पोचलेल्या या चित्रकाराने १९९८मध्ये कोदान्शाच्या ‘मॉर्निंग’मध्ये ‘व्हॅगाबाँड’ सुरू केली. आधार एइजी योशिकावाच्या ‘मुसाशी’ कादंबरीचा, जी १९३५ ते १९३९ या काळात ‘आसाही’ दैनिकात क्रमशः आली होती. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा तलवारबाज मियामोतो मुसाशी आणि त्याचा प्रतिस्पर्धी कोजिरो. इनोउएने कोजिरोला बहिरा केलं. ही कल्पना त्याची स्वतःची. शब्दच नसलेला योद्धा काढायचा म्हटल्यावर चित्राला सगळं बोलावं लागलं. पुढे त्याने टाक ठेवून कुंचला घेतला, आणि रेषा ओली झाली.

या मालिकेत मुसाशी एकटा योशिओका घराण्याच्या सत्तर जणांशी लढतो. ही लढत खंडच्या खंड चालते, आणि जसजशी ती वाढते तसतसा विजयाचा आनंद आटत जातो. हात जड होतात, चिखल वाढतो, पाय जखमी होतो. जिंकल्यावर प्रश्न उरतो तो हा माणूस पुन्हा नीट चालेल का, एवढाच. आणि मग, चौतिसाव्या खंडाच्या आसपास, जपानमधला सर्वांत नावाजलेला तलवारबाज एका उजाड खेड्यात थांबतो आणि शेती करू लागतो. पाणी वळवतो, दगड उपसतो, उपाशी राहतो. कित्येक वाचक वैतागले. त्यांना तलवार हवी होती. पण पायाखाली काय आहे हा प्रश्न कुणी प्रामाणिकपणे अखेरपर्यंत नेला, तर तो मातीपाशीच येणार. मालिका २०१५मध्ये थांबली, सदतीस खंडांवर. कोजिरोशी मुसाशीची निर्णायक लढत अजून झालेली नाही.

आता थोडं घरचं.

जपानी व्यायामशाळांत एका व्यायामाला आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. त्या म्हणजे आपल्या बैठका. सायामाचा एक गुरू कार्ल गॉच, बेल्जियममध्ये जन्मलेला मल्ल, आणि त्याच्या शिकवणीत भारतीय पहिलवानांचे जोर, बैठका आणि मुदगल होते. शूतोच्या घराण्याचा एक धागा असा आपल्या तालमींपर्यंत येतो. दुसरा धागा सरळ कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला पोचतो.

१९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलोंचा बँटमवेट गट. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. सुवर्ण कुणाला मिळालं, हे सहसा कुणी विचारत नाही. ते मिळालं जपानच्या शोहाची इशिईला. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण, आणि खाशाबा ज्यांच्याकडून हरले त्यांतला तो एक. इशिई मुळात ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीत आलेला.

लाल मातीतला मल्ल आणि तातामीवरचा मल्ल, दोघांच्याही पायाखाली त्या दिवशी तिसरीच जमीन होती. खाशाबांनी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या कुस्तीचा पहिला मोठा अनुभव घेतला होता आणि ते सहावे आले होते. पाय मातीत रुततो आणि गादीवर सरकतो. मातीत घामेजलेल्या अंगावरची पकडही वेगळी असते. सवय मोडण्याची ही चार वर्षांची गोष्ट आहे. इशिईनेही हेच केलं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. डांबरी रस्त्यावरच्या ज्युदोचा जो प्रश्न मोरीने गल्लीतल्या दोन पोरांपुढे ठेवला, तो या दोघांनी ऑलिंपिकच्या गादीवर प्रत्यक्ष सोडवला.

सभागृहात काही चित्रकार मंडळी बसलेली दिसतात. पुतळा आणि टपाल तिकीट यांपलीकडे जाऊन ही एक लढत काढून पाहावी, एवढी त्यांना विनंती. पदक शेवटच्या पानावर आलं तरी चालेल. पहिल्या पानावर नुसते पाय काढावेत : एक जोडी हौद्यातून आलेली, एक तातामीवरून, दोन्ही गादीचा अंदाज घेताहेत.